अळणी पीयू

सोमवार, ६ जानेवारी

डबे आले! टेम्पोवाल्यानं ते दारात असे आदळले की माझ्या तोंडून नको ते शब्द निघाले. त्यातला एक जरी फुटला असता तर माझ्या मैत्रिणीची चार महिन्यांची मेहनत गटारात गेली असती. ती आणि मी रंगाच्या कंपनीत एकाच लॅबमध्ये होतो. वडील गेल्यावर मी नोकरी सोडून त्यांचं पॉलिशचं वर्कशॉप सांभाळायला आले, ती तिथेच राहिली आणि हे करून बसली: सोयाबीनच्या तेलात कार्बन डायऑक्साइड कोंबून बनवलेली राळ. मधासारखी दिसते. झाकण उघडून मी नुसती बघत बसले, चहा गार झाला.

स्वतःसाठीच लिहून ठेवते, नाहीतर उद्या माझाच गोंधळ व्हायचा. नेहमीचं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश म्हणजे दोन डबे. ए म्हणजे राळ, बी म्हणजे हार्डनर, आणि हार्डनरमध्ये आयसोसायनेट. तेच गाठ मारतं, तेच काचेसारखी चकाकी देतं, आणि त्यानंच माझ्या दादाची छाती खाल्ली. नव्या पद्धतीत बीमध्ये अमाइन. मासळीसारखा वास, हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही, तो काही साधुसंत नव्हे. पण आयसोसायनेट दोन्ही डब्यांत औषधालासुद्धा नाही.

दादा वीस वर्षं स्प्रेगन चालवायचा. त्यानं पॉलिश केलेल्या दारात बघून लोक भांग पाडायचे. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी त्यानं गन खाली ठेवली आणि भिंत धरून बसला. डॉक्टर म्हणाले, छातीनं या रसायनाशी जन्माचं वैर धरलंय, आता एक थेंबही चालणार नाही. तेव्हापासून तो कुलपांच्या दुकानात किल्ल्या कापतो आणि आमच्या रस्त्यानंही येत नाही. आता तर गावच सोडतोय. वहिनीच्या भावानं दुसऱ्या गावी कोल्ड स्टोरेजमध्ये देखरेखीची नोकरी बघितली आहे, एक मार्चला निघायचं. म्हणजे माझ्या हातात आठ आठवडे, त्यातही दोन दिवस कमी. तोपर्यंत हे पॉलिश जमलं तर दादा गन हातात घेईल आणि राहील. नाही जमलं तर गेला.

काकांना डबा दाखवला. काका सख्खे नव्हेत, पण वडिलांच्या वेळेपासून मिक्सिंग तेच करतात. दादाच्या गनमध्ये जे काही गेलं ते सगळं त्यांच्या हातचं.

"हार्डनर नाही म्हणतेस?"

"थेंबभरही नाही."

"म्हणजे अळणी पीयू," असं म्हणून ते थिनर आणायला गेले.

गुरुवार, ९ जानेवारी

मागची खोली रिकामी केली. भिंती खरवडल्या, जुनी फडकी, जुने मग, जुने ब्रश सगळं बाहेर. पुढच्या हॉलमध्ये दुसरा गनवाला जुनंच पीयू मारतो, त्याला काय करणार, वर्कशॉप चालायला तर हवं. पण मधलं दार बंद, त्याच्या फटींना पट्ट्या, आणि वर माझ्या सुवाच्य अक्षरात पाटी: 'हार्डनर आत आणायचा नाही.'

काका पाटी वाचून आत आले. "मग हे बी काय आहे? राळ घट्ट करणारं ते हार्डनरच ना? स्वतःच पाटी लावतेस आणि स्वतःच घेऊन फिरतेस."

बरोबर होतं, म्हणून जास्तच राग आला. पाटी खोडून 'जुना हार्डनर' असं लिहिलं. आता ती माझ्या अक्षरात असूनही कुरूप दिसते.

बुधवार, १५ जानेवारी

रविवारी पहिला हात मारला होता. आज चौथा दिवस आणि प्लाय अजून चिकट. सकाळी त्यावर एक माशी बसली ती कायमची बसली. काका चष्मा वर करून म्हणाले, "चला, कुणाला तरी आवडलं."

मी हसले नाही. जेवायच्या सुट्टीत आठवलं आणि एकटीच खुदकन हसले. तरीही मजा येतेय, खोटं कशाला बोलू. पंधरा वर्षांत पहिल्यांदा सकाळी गजराच्या आधी उठतेय.

शनिवार, १८ जानेवारी

दुसरी पाककृती. चिकटपणा कमी, पण वर पांढुरकी साय धरली. हवा गार आणि दमट असली की अमाइन हवेतला कार्बन डायऑक्साइड धरून बसतं. म्हणजे ज्याच्या जिवावर राळ झाली तोच आता मुळावर आलाय.

संध्याकाळी तुकडा घेऊन कुलपांच्या दुकानात गेले. दादा किल्ली कापत होता. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "या प्रोफेसर. आज काय चिकटवलंत?"

तुकडा हातात घेतला, तिरका धरला, उजेडात फिरवला. दोन वर्षांत त्यानं पॉलिशला हात लावला नव्हता. "पसरलंय बरं," म्हणाला. "कडेला ओघळ नाही. पातळ किती केलंस?" मी सांगितलं. "नोझल कुठलं?" तेही सांगितलं. मग एकदम तुकडा परत दिला. "मला कशाला दाखवतेस? माझं जायचं ठरलंय. वहिनीनं भांडी बांधायला घेतली आहेत."

पण नोझल विचारलं की नाही! घरी येईपर्यंत मी रस्त्यात दोनदा मोठ्यानं "नोझल!" म्हणाले. लोकांनी बघितलं. बघू देत.

शुक्रवार, २४ जानेवारी

चौथी गेली, पाचवी गेली. पाचवी दोन दिवसांनी वाळली खरी, पण नखानं ओरखडा उठतो. मैत्रीण फोनवर म्हणाली, "ही गाठ हळूच बसते गं. तिला घाई चालत नाही." तिला काय जातंय, तिचा भाऊ कुठे चाललाय.

आज काकांवर ओरडले. त्यांची जुनी खोड मला माहीत आहे. हवा गार असली की हार्डनर झाकणभर जास्त. वजन नाही, काटा नाही, डब्याचं झाकण हेच माप. सगळे जुने मिक्सिंगवाले असंच करतात आणि त्यांचं पॉलिश वाळतंही. आज ते म्हणाले, "पोरी, एवढा आटापिटा करतेस, चिमूटभर मीठ टाकलं तर काय बिघडेल? भावाला अळणी वाढणार आहेस?"

मी म्हटलं, "काका, ते मीठ नाही, विष आहे त्याला."

"वीस वर्षं डबेच्या डबे ओढले त्यानं. एका झाकणानं काय होतंय? ते डॉक्टर लोक बोलतात."

"परत हा विषय नको," मी म्हणाले, जरा जास्तच चढ्या आवाजात. नंतर मलाच वाईट वाटलं. दादा जाणार म्हणून त्यांचंही चित्त थाऱ्यावर नाही. रोज विचारतात, "किती दिवस राहिले?"

बुधवार, २९ जानेवारी

जमलं! जमलं जमलं जमलं!

अक्षराकडे दुर्लक्ष करावं. सहावी पाककृती. सकाळी कडक गारठा होता, मला वाटलं आजचा दिवस फुकट. मी वजनं केली, काकांनी ढवळलं, तेवढ्यात मैत्रिणीचा फोन आला म्हणून मी अंगणात गेले. परत आले तर मिश्रण छान दाट झालेलं. खसखशीएवढे थोडे कण दिसले, गाळून घेतले. साडेदहाला हात मारला. अडीच वाजता बोट लावलं आणि बोट कोरडं! चार तासांत! नख मारलं, काही नाही. किल्ली ओढली, अगदी बारीक रेघ. चकाकी तर अशी की त्यात माझी बत्तिशी दिसत होती.

मी काकांचे दोन्ही हात धरून खोलीभर फिरवलं. ते "अगं सोड, पडेन मी," एवढंच म्हणाले आणि हात धुवायला गेले, ते बराच वेळ आलेच नाहीत. म्हाताऱ्या माणसांना आनंद सोसत नाही बहुतेक.

शुक्रवार, ३१ जानेवारी

काल पुन्हा केलं, पुन्हा जमलं. पुन्हा ते बारीक कण, पुन्हा गाळले.

मैत्रिणीला शंका. "चार तास? या गारठ्यात? माझ्याकडे चाळीस तास लागतात. एकदा तू एकटीनं करून बघ." म्हणून आज काका यायच्या आधी वाटीभर मिश्रण स्वतः ढवळलं. ते आपलं पहिल्यासारखंच चिकट. ती म्हणाली, "बघ, काहीतरी गडबड आहे." मी म्हटलं, गडबड माझ्या मनगटात आहे. काकांच्या हाताला गुण आहे, चाळीस वर्षं ढवळतायत, त्यांचा वेग, त्यांचा फेर मला येतो थोडाच? ती हसली नाही. हेवा वाटत असेल, राळ तिची आणि यश माझं.

दादाला सांगितलं. रविवारी येतो म्हणाला. येतो म्हणाला! वर्कशॉपमध्ये! वहिनीनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "वन्सं, खात्री आहे ना?"

"शंभर टक्के," मी म्हणाले.

रविवार, २ फेब्रुवारी

लिहायचं नव्हतं. पण लिहिलं नाही तर उद्या मी स्वतःशी खोटं बोलेन.

दादा अकराला आला. दारातून आत येताना त्यानं उंबऱ्याला हात लावला, मी बघितलं. वर्कशॉप बंद होतं, फक्त आम्ही तिघं. काकांनी गनचा कप भरून त्याच्या हातात दिला. काकांचे डोळे भरले होते. दादानं मास्क चढवला तर पट्टा सैल निघाला, जुना झालाय. तो पट्टा ओढत होता आणि मी म्हणाले, मी म्हणाले, "अरे राहू दे, यात काही नाहीच तर."

त्यानं पहिला हात मारला. तो आवाज, ती मनगटाची फिरत, दोन वर्षं जणू गेलीच नव्हती. दुसरा हात मारला. तिसऱ्याला थांबला. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं खुशीनं बघतोय. मग गन टेबलावर ठेवली, अगदी सांभाळून ठेवली, आणि वाकला.

श्वासाचा पंप खिशात होता. पंपानं भागलं नाही. रिक्षात त्याचे ओठ निळे पडले होते आणि तो माझा हात थोपटत होता. मला धीर देत होता, तो मला.

हॉस्पिटलात ऑक्सिजन लावलाय. धोका टळलाय म्हणतात. वहिनी माझ्याशी बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

सोमवार, ३ फेब्रुवारी

माझ्याच पॉलिशनं केलं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

दादा घरी आला. चार पावलं चालला की थांबतो.

वाट्या धुतल्या, वह्या बांधल्या. मैत्रिणीला फोन केला की डबे परत पाठवते, तुझ्या राळेतूनही तेच विष निघतं. ती भडकलीच. "तुझ्या डोक्यात काय भरलंय? माझ्या राळेतून आणि अमाइनमधून आयसोसायनेट होतच नाही. पाणी घुसळून कधी लोणी निघालंय का?" मी म्हटलं, मग माझा भाऊ हॉस्पिटलात हवा खायला गेला होता का? तिनं विचारलं, "ते बारीक कण कसले होते, सांग बरं." मी फोन ठेवून दिला.

काका रविवारपासून कामावर नाहीत. निरोपही नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

आजचं सगळं नीट, क्रमानं लिहिते.

सकाळी काकांच्या खोलीवर गेले. दार उघडंच होतं. काका खाटेवर बसलेले, दाढी वाढलेली, आणि समोर स्टुलावर एक छोटा डबा. लेबल मी लांबूनच ओळखलं. जुना हार्डनर.

"हा तुझ्या टेबलाखाली होता," ते म्हणाले. "फडक्यांच्या मागे. मीच ठेवला होता."

मला कळेना.

"गारठा होता त्या दिवशी. तू फोनवर गेलीस. मी म्हटलं, पोरगी महिनाभर मरमर मरतेय, झाकणभर टाकू. टाकलं. वाळलं. तू नाचलीस. मग कसं सांगू? दुसऱ्या दिवशी परत टाकलं. आणि रविवारी..." त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. "रविवारी गनच्या कपात टाकलं. वाळलं नसतं तर तो गेला असता ना गं गाव सोडून. मला वाटलं, एका झाकणानं काय होतंय."

ते रडत होते. सत्तरीचा माणूस, लहान मुलासारखा. आणि मी? मी हसत होते! देवाशपथ, मला हसू आवरेना. मी त्यांच्या गळ्यातच पडले आणि ओरडले, "काका, म्हणजे माझ्या पॉलिशनं नाही केलं! माझं पॉलिश निर्दोष आहे!"

मला वेड लागल्यासारखं ते माझ्याकडे बघत राहिले. मग मलाच भान आलं आणि लाजही वाटली. दादा जेमतेम वाचला होता, हा माणूस पश्चात्तापानं अर्धा झाला होता, आणि मला आनंद कशाचा, तर माझ्या राळेचा. मग रागही आला, खूप आला, आणि तोही बोलून टाकला. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं.

आता सगळं लागतंय. कण का आले, कारण हार्डनर अमाइनला भेटल्याबरोबर गाठी धरतो. माझी वाटी चिकट का राहिली, कारण तिच्यात झाकण नव्हतं. हाताला गुण म्हणे! पोरंसुद्धा हसतील. मैत्रिणीला फोन करून माफी मागितली. ती म्हणाली, "मागच्या आठवड्यातलीही माग." तीही मागितली.

आणि चार तासांत वाळणारं पॉलिश? ते कधी नव्हतंच. माझ्याकडे आहे ते चिकट, अळणी, माशीला आवडणारं. दिवस राहिले एकवीस.

रविवार, ९ फेब्रुवारी

काका स्वतः दादाकडे गेले. मी येते म्हटलं तर नको म्हणाले, मग मी जिन्यात, उघड्या दाराशी उभी राहिले. वहिनी कडाडली, "तुम्हाला मी सासऱ्यांच्या जागी मानत होते!" बरोबरच होतं तिचं.

मग दादाचा आवाज, बसलेला. "किती टाकलंत?"

"झाकणभर."

"ओसंडतं की सपाट?"

"सपाट."

"सपाट झाकणाला एवढं?" दादा म्हणाला. "मग माझी छाती कुठल्याही काट्यापेक्षा अचूक आहे, काका." आणि तो हसला, हसता हसता खोकला, आणि वहिनीनं दोघांनाही पाणी दिलं. दोघांनाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

सुचलं! आंघोळ करताना सुचलं, साबण डोळ्यात गेला.

काका झाकणभर का टाकतात? हवा गार असते म्हणून. जुन्या पीयूला गारठ्यात झाकणभर हार्डनर लागतो, कारण आपण सगळे पॉलिशवाले माल उघड्यावर वाळवतो, जशी हवा असेल तशी. वडील तसंच करायचे, मीही तसंच करतेय, डोकं न वापरता. अगं बये, हवा गार आहे तर हवा तापव की!

शेजारच्या सुताराकडे लाकूड वाळवायची भट्टी आहे. साठ अंशांपर्यंत सहज जाते. महिनाभर मी त्या भट्टीच्या भिंतीला टेकून डोकं धरून बसत होते, भिंत कोमट लागते म्हणून!

सुतार म्हणाला, "थिनरचं काहीबाही भट्टीत? पेटवायची आहे का मला?" मी वचन दिलं, थिनर उडून जाईपर्यंत माल अर्धा तास बाहेर ठेवीन. त्यानं कुरकुर करत किल्ली दिली आणि बदल्यात त्याच्या आठ कपाटदारांचं पॉलिश गळ्यात मारलं. मी तर आठशेला हो म्हटलं असतं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

साठ अंश, चार तास. बाहेर काढलं, गार होऊ दिलं. नख नाही. किल्ली, बारीक रेघ. पाण्याचा ग्लास ठेवला पाचपासून सकाळपर्यंत. फिकट गोल उमटला होता, तो दुपारपर्यंत गेला. जुन्या पीयूवर एवढंही उमटत नाही, हे खरं ते लिहिते. चकाकीही थोडी मऊ आहे. काका म्हणाले, "ही चकाकी डोळ्यात घुसत नाही. बरी आहे." ढवळलं मी. मुद्दाम मी. काका हात पाठीमागे बांधून उभे होते.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

मैत्रिणीनं पट्ट्या पाठवल्या, हवेत आयसोसायनेट असलं की रंग बदलतात. पुढच्या हॉलमध्ये धरली, दोन मिनिटांत तांबूस. मागच्या खोलीत गन चालवून धरली: पांढरी. टेबलाखाली पांढरी. कपावर पांढरी. सहा पट्ट्या वापरल्या, सातवी नुसती हौस म्हणून. मग पुढच्या हॉलचं जुनं काम आठवडाभर बंद केलं, सगळं धुऊन काढलं, तिथेही पांढरी आली तेव्हा थांबले.

सोमवार, २४ फेब्रुवारी

वहिनीसमोर पट्ट्या मांडल्या. घरात भिंतींपर्यंत खोकी. तिनं एकेक पट्टी उचलून उजेडात धरली.

"मागच्या वेळी तुम्ही शंभर टक्के म्हणाला होतात, वन्सं."

"हो."

"आता किती?"

मी विचार केला. "मला दिसतंय तेवढं सगळं तपासलंय. न दिसणाऱ्याचं मी सांगू शकत नाही."

"हे बरं," ती म्हणाली. "हे मला त्या शंभरापेक्षा बरं वाटतं." मग तिनं अटी सांगितल्या. आधी डॉक्टरांना विचारायचं. पहिल्या दिवशी हाताएवढा तुकडाच, मग पूर्ण एक दिवस थांबायचं. नवा मास्क, घट्ट. आणि ती स्वतः समोर बसणार. दादा आतल्या खोलीत होता, बाहेर आलाच नाही. पण दाराखाली त्याच्या पायांची सावली होती.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

काल तुकडा झाला. डॉक्टरांनी आधी आणि नंतर छाती तपासली, फुंकायच्या नळीतले आकडे तेच. कधीकधी सहा-आठ तासांनी त्रास होतो, म्हणून दर तासाला वहिनीला फोन केला. चौथ्या फोनला ती म्हणाली, "अहो, जेवू द्याल का त्यांना?" आज सकाळीही ठीक. उद्या सुताराचं एक पूर्ण दार. परवा टेम्पो येणार आहे, तो अजून कुणी रद्द केलेला नाही. मीही विचारत नाही.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

दादा दहाला आला. वहिनी पंप, डॉक्टरांचा नंबर आणि फुंकायची नळी घेऊन स्टुलावर बसली. मी वाटी काट्यावर ठेवली आणि ढवळायला घेणार, तर दादा म्हणाला, "तू नको."

"का?"

"मिक्सिंग काका करणार."

काका दारातच उभे होते, खोलीत येत नव्हते. मी वहिनीकडे बघितलं. तिचे ओठ घट्ट मिटलेले. शेवटी तिनंच मान हलवली. काका आत आले, शर्टाचे खिसे उलटे करून दाखवले, कुणी सांगितलं नव्हतं. मग बाह्या वर केल्या आणि ढवळायला लागले. हात एवढा कापत होता की पळी वाटीला वाजत होती. दादा शेजारी जाऊन उभा राहिला, त्यांच्या खांद्याला खांदा लावून. हळूहळू पळी वाजायची थांबली. कण नव्हते. मी वाकून वाकून बघितलं, एकही नव्हता.

मास्कचा पट्टा मी स्वतः ओढला. दादा "फास लावतेस का" म्हणाला, तरी आणखी एक घर ओढला.

गन सुरू झाली. मी दाराकडे बघितलंच नाही, त्याच्या पाठीकडे बघत होते. शर्ट वर जातो, खाली येतो. वर जातो, खाली येतो. एक हात, दुसरा, तिसरा. तिसऱ्याला काकांनी डोळे मिटले. चौथा हात. पाचवा. कड, कोपरा, परत मधोमध, आणि तो शेवटचा सुस्कारा गनचा. दार उभं होतं, ओलं, सपाट, एक ओघळ नाही.

त्यानं गन टांगली, बाहेर अंगणात येऊन मास्क काढला. वहिनीनं नळी पुढे केली, त्यानं फुंकलं. आकडा बघून तिनं तो मला दाखवला, मग परत स्वतः बघितला. दादानं पोटापासून एक श्वास घेतला, सोडला, आणखी एक घेतला. माझा मात्र मध्येच कुठेतरी अडकला आणि मी ढसाढसा रडायला लागले, शेजारचा सुतार धावत बाहेर आला.

"ए प्रोफेसर," दादा म्हणाला, "रडून झालं असेल तर सुताराची सात राहिलीत ना?"

मी नाक पुसत म्हटलं, "आज एकच. उरलेली मी करेन हळूहळू, तू तर उद्या..."

"तू करणार? तुझा हात बघितलाय मी, भिंतीला चुना दिल्यासारखा." त्यानं वहिनीकडे बघितलं. वहिनीनं पर्समधून फोन काढला, टेम्पोवाल्याचा नंबर लावला आणि बोलायला जरा लांब गेली. दादानं मास्क परत चढवला, पट्टा स्वतःच ओढला, आणि आतून त्याचा आवाज आला, "पुढचं दार आण."